गुलाबाचा रंग बदलला आणि हायड्रेंजियाला फूलच नाही, कडक थंडीच्या बागेत काय लावू?

अंगणवेडी: आमच्याकडे हिवाळ्यात पारा उणे २५, कधी उणे ३० पर्यंत जातो. तीन वर्षांपूर्वी फिकट गुलाबी हायब्रिड टी जातीचा गुलाब लावला होता, दोन उन्हाळे मस्त फुलला, यंदा वाटलं मेला, पण खालून लांब लांब जोमदार फांद्या आल्या आणि जूनमध्ये गडद लाल फुलं आली, तीही एकदाच, मग नुसती पानं. असा रंग बदलतो का? आणि हायड्रेंजिया दरवर्षी पानांनी गच्च, फूल एक नाही. मला जूनपासून हिम पडेपर्यंत अंगणात काहीतरी फुललेलं हवंय हो, बर्फ बघून जीव विटतो.

मातीचे_हात: ताई, रंग नाही बदलला, तुमचा गुलाब गेला आणि खालचा खुंट, म्हणजे ज्या मुळाच्या झाडावर कलम बांधलेलं असतं तो, जगला. कलमी गुलाब बऱ्याचदा 'डॉ. ह्यूई'च्या खुंटावर भरलेला असतो आणि त्याची फुलं गडद लाल, वर्षातून एकदाच येतात. इतक्या थंडीत कलमाचा जोड जमिनीखाली ५ ते १० सेंमी गाडायचाच, उघडा राहिला की तो आधी मरतो. त्यापेक्षा स्वतःच्या मुळांवरचा गुलाब घ्या, वरचं सगळं जळलं तरी मुळातून तोच परत येतो. रुगोसा जातीचा गुलाब बघा, नाहीतर कॅनडात खास थंडीसाठी तयार केलेली गुलाबांची एक्सप्लोरर मालिका, त्यातला 'विल्यम बॅफिन' वेलासारखा चढतो. रुगोसावर औषध मात्र फवारू नका, पानं करपतात.

पानगळ: हायड्रेंजिया मोठ्या पानांचा, मॅक्रोफायला असेल तर त्याच्या कळ्या आदल्या वर्षीच्या काडीवर धरतात, त्या थंडीत जळतात, तुमचा काही दोष नाही. हायड्रेंजियाचाच दुसरा प्रकार, पॅनिक्युलाटा लावा, तो नव्या फुटीवर फुलतो, म्हणून वसंताच्या सुरुवातीला बिनधास्त छाटा. त्यातल्या 'लाइमलाइट' वाणाची फुलं हिरवट येतात, मग पांढरी, शेवटी गुलाबी, आणि तशीच टिकतात. झुडुपी पोटेंटिला पण घ्या, पिवळी फुलं जूनपासून हिमापर्यंत, फार लाड मागत नाही.

मातीचे_हात: एक राहिलं, पहिल्या हिमाच्या साधारण सहा आठवडे आधी खत बंद, नाहीतर कोवळी फूट येते आणि तीच आधी जळते. शेवटची फुलं खुडू नका, फळं धरू द्या, झाड आपोआप शांत होतं. गुलाबाच्या बुडाशी माती चढवायची ती जमीन गोठायला लागल्यावर, २५-३० सेंमी. घाईने लवकर झाकलं की आत ओल कोंडून काडी कुजते, माझ्या दोन झाडांचं तसंच झालं.

अंगणवेडी: आत्ता जाऊन खणून बघितलं, सगळ्या फांद्या जोडाच्या खालूनच निघाल्यात 😞 काढतेच आता. त्याच खड्ड्यात रुगोसा लावला तर चालेल ना?

पानगळ: गुलाबाच्या जागी लगेच गुलाब नीट धरत नाही. जागा बदला, नाहीतर दीड-दोन फूट खोल माती काढून बागेतल्या दुसऱ्या कोपऱ्यातली भरा, आणि त्या खड्ड्यात पॅनिक्युलाटा लावलात तर माती बदलायची पण गरज नाही.