उत्तर: अँटेनावर व्होल्टेज मोजून पॉवर काढणं

प्रश्न असा होता: रेडिओ ट्रान्समीटरची पॉवर, अँटेना जोडलेली असताना केबलवर व्होल्टेज मोजून काढता येईल का? तसं करू नका. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत फिरलेल्या लहरींमुळे केबलवर दिसणाऱ्या सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी व्होल्टेजचं गुणोत्तर) २ असेल तर १४५ मेगाहर्ट्झला आरजी-५८ या कोअ‍ॅक्सियल केबलवर साधारण ३४ सेंमी सरकताच व्होल्टेज निम्मं किंवा दुप्पट होऊ शकतं, म्हणजे त्यावरून काढलेल्या पॉवरमध्ये चौपट फरक पडू शकतो. पणजी-वास्को पट्ट्यात खाऱ्या वाऱ्याने पावसाळ्यात कनेक्टर गंजतात, मग एसडब्ल्यूआर २ व्हायला वेळ लागत नाही.

अँटेनाऐवजी ५० ओमचा डमी लोड (पॉवर उष्णतेत घालवणारा रोधक) लावून त्यावरच मोजा. १एन५७११ डायोड, १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, पुढे मल्टीमीटर डीसीवर. ५ वॅटला सुमारे २२ व्होल्ट दिसायला हवेत. हे शिखरमूल्य आहे, आरएमएस (परिणामी मूल्य) नव्हे! त्यात डायोडवर घटलेले ०.३ व्होल्ट मिळवा, वर्ग करून १०० ने (५० ओमच्या दुपटीने) भागा, म्हणजे पॉवर वॅटमध्ये मिळेल. १० वॅटच्या वर मात्र जाऊ नका, डायोडवर उलट्या दिशेने शिखराच्या जवळपास दुप्पट व्होल्टेज येतं आणि त्याची उलटी मर्यादा ७० व्होल्टच आहे.