गुडघा, जानेवारी आणि आमचं स्प्लिट-लेव्हल घर

प्रेषक: मेधा
नमस्कार मंडळी,

यंदाच्या हळदीकुंकवाला मी नाही, हे आधीच सांगून टाकते. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात माझा उजवा गुडघा बदलायचा आहे. देसी दुकानात मला कार्टवर रेलून चालताना पाहिलेल्यांना यात काही नवल वाटणार नाही.

ऑपरेशनची तेवढी भीती नाही, घरी येण्याची आहे. माझ्या नणंदेचं पुण्यात झालं तेव्हा ती पाच दिवस हॉस्पिटलात होती, मग दिवसाची बाई, पोळ्यांची बाई, शिवाय शेजारच्या काकू. इथे शिकागोत सर्जनच्या ऑफिसातली मुलगी म्हणते, सकाळी ऑपरेशन, सगळं ठीक असलं तर संध्याकाळी घरी, फार तर एक रात्र. आणि घरी कोण? हे. वय ७१, चहा उत्तम करतात.

आमचं घर निम्म्या मंडळींना पाठ आहे, कारण त्यांचीही तशीच आहेत. मधल्या पातळीवर दिवाणखाना आणि स्वयंपाकघर. सहा पायऱ्या वर बेडरूम आणि टबवाली बाथरूम. सहा पायऱ्या खाली फॅमिली रूम आणि एक चिंचोळी हाफ बाथ, म्हणजे नुसता कमोड आणि बेसिन. मध्ये, जिथे माझा सगळा दिवस जातो, तिथे बाथरूमच नाही. ३० वर्षांत हे कधी खटकलं नव्हतं. मुलगा म्हणतो खाली पलंग टाकू, हे म्हणतात रिक्लायनर आणू. मी झोपू कुठे, आणि आणू काय काय? ज्यांनी भोगलंय त्यांनीच सांगा. यूट्यूबवरच्या सगळ्या बायका एकमजली घरात राहतात.

मेधा


प्रेषक: शरद
मेधावहिनी,

दोन वर्षांपूर्वी माझा खुबा बदलला. पहिली गोष्ट, काहीही विकत घ्यायच्या आधी मेजरिंग टेप घ्या. सरळ उभं राहून जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंत मोजा आणि घरातली जी बैठक त्याहून खाली असेल ती सहा आठवडे विसरा. आमचा इटालियन लेदरचा सोफा! त्यात बसायला मला दोन सेकंद लागले आणि उठवायला दोन माणसं. जेवणाच्या टेबलाची हातवाली खुर्ची, खाली टणक गादी, तेच माझं सिंहासन. कमरेत ९० अंशांहून जास्त वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाय आत वळवायचा नाही, हे तीन नियम हिने फ्रिजवर लावले होते.

दुसरी गोष्ट बाथरूमची. तिसऱ्या दिवशी कमोडवरून उठताना सवयीने टॉवेलची दांडी धरली. दांडी, तिचे स्क्रू आणि मूठभर ड्रायवॉल (इथल्या घरांतल्या जिप्समच्या भिंतीचा चुरा) असं सगळं माझ्या हातात आलं. मुलगी दारातच होती म्हणून निभावलं. ग्रॅब बार, म्हणजे धरायच्या भक्कम दांड्या, भिंतीतल्या लाकडी स्टडलाच (आतल्या उभ्या खांबालाच) बसवून घ्या. स्टड साधारण १६-१६ इंचांवर असतात. आमच्या हँडीमनने आधी नुसत्या प्लास्टिकच्या अँकरवर बार ठोकला होता, मी बारला लटकून पाहिलं तेव्हा कुठे चूक मान्य केलंन. रबरी पेल्याने चिकटणारे बार तर घरात आणूच नका.

आता नाजूक विषय. आपल्या सगळ्यांच्या कमोडला धुण्याची काही ना काही सोय असते. मी ऑनलाइन उंच सीट मागवली, ती बिडेवर, म्हणजे धुण्याच्या त्या जोडणीवर, बसेना. बिडे काढलं तर पहाटे चार वाजता एक हात वॉकरवर आणि दुसऱ्यात तांब्या! शेवटी थेरपिस्टने थ्री-इन-वन कमोड सुचवला. अॅल्युमिनियमची चौकट, दोन बाजूंना हात, पायांची उंची हवी तशी लावता येते. त्याची बादली काढायची आणि ती चौकट सरळ आपल्या कमोडवर उभी करायची. खालचं काही उपसावं लागत नाही आणि हातातला फवारा जिथल्या तिथे राहतो. हे मला कुठल्याही पत्रकात सापडलं नाही, कारण ती पत्रकं लिहिणारे कागद वापरतात.

शरद


प्रेषक: धनश्री
मेधाकाकू, शरदकाका,

मी होम हेल्थची, म्हणजे घरी जाऊन व्यायाम करून घेणारी फिजिकल थेरपिस्ट, आठवड्याला अशी कितीतरी घरं पाहते. टेप आणि ग्रॅब बारबद्दल काकांचं शंभर टक्के बरोबर. पण काका, रागावू नका, ते तीन नियम खुब्याचे आहेत, त्यातही मागच्या बाजूने केलेल्या ऑपरेशनचे. मेधाकाकूंनी ते फ्रिजवर लावले तर माझं काम अवघड होईल. गुडघा वाकवायचा असतो, पहिल्या दिवसापासून, दुखलं तरी. आणि तितकाच सरळही करायचा असतो. त्यासाठी एक गोष्ट कटाक्षाने पाळा, गुडघ्याखाली उशी नको. बरं वाटतं, मान्य, पण मग गुडघा त्याच बाकात आखडतो आणि पूर्ण सरळ होता होत नाही. उशी द्यायची तर टाचेखाली. रिक्लायनरमध्ये रात्रभर झोपल्यावरही तीच गत होते, म्हणून तुमच्या घरच्या काकांची ती योजना बाद.

झोपा वर, स्वतःच्या पलंगावर. खालची हाफ बाथ तुमची सोय वाटते, पण तिचं दार मोजा. अशा जुन्या घरांत हे दार बरेचदा २४ इंचांचं असतं आणि वॉकर जवळपास तेवढाच किंवा थोडा जास्त रुंद. आडवं होऊन, एक हात बेसिनवर ठेवून आत शिरणारे पेशंट मी पाहिलेत. मला घाम फुटतो. वर पलंगापासून बाथरूम दहा पावलांवर आहे, ते सोडू नका. सहा पायऱ्यांचं भय नको, पायऱ्या चढवून घेतल्याशिवाय सहसा घरी सोडत नाहीत. चढताना बरा पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. पण कठडा एकाच बाजूला असेल तर दुसऱ्या बाजूलाही बसवून घ्या. चढताना डाव्या हाताला असलेला कठडा उतरताना उजव्या हाताला येतो, हे बहुतेकांना पहिल्यांदा उतरतानाच कळतं. आणि जिन्यावर वॉकर चालत नाही, म्हणून वर एक, मध्ये एक असे दोन हवेत. हात सैल सोडून ताठ उभं राहिलं की वॉकरची मूठ मनगटाच्या घडीशी आली पाहिजे.

मधल्या पातळीचा प्रश्न शरदकाकांच्याच कमोडने सुटतो. दुसरा एक आणा, त्याची बादली राहू द्या आणि दिवसा दिवाणखान्याच्या कोपऱ्यात पडद्याआड ठेवा. लाज वाटत असेल तर पाहुण्यांना फोन करून यायला सांगा.

टबासाठी ट्रान्सफर बेंच घ्या. दोन पाय टबात, दोन बाहेर, बाहेर बसायचं आणि सरकत आत जायचं. टबाला सरकती काचेची दारं असतील तर ती काढून पडदा लावावा लागेल, हे आठवडाभर आधी करा. नळीचा हँड शॉवरही लागेल. जखमेवर पाणी कधी घ्यायचं ते सर्जन सांगतील.

आता आपल्या घरांचा खास घोळ. आपण दाराशी चपला काढतो आणि घरात अनवाणी नाहीतर मोज्यांवर, फार तर सपातांवर. मागून उघडी सपात वॉकरबरोबर नकोच. टाच बंद, तळवा न घसरणारा असा एक जोड फक्त घरासाठी आणा. पाय सुजेल, तेव्हा अर्धा नंबर मोठा घ्या. आणि गाऊन घोट्याच्या वर हवा.

मेडिकेअरवर (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्यावर) असाल तर वॉकर त्याच्या पार्ट बी या भागात बसतो, डॉक्टरांची ऑर्डर लागते आणि डिडक्टिबल, म्हणजे आधी आपण भरायची रक्कम, भरून झाल्यावर २० टक्के आपले. कमोडची उंच सीट, ग्रॅब बार, ट्रान्सफर बेंच मात्र खिशातून.

हळदीच्या, फिश ऑइलच्या कॅप्सूल, आयुर्वेदिक काही चालू असेल तर सर्जनना आत्ताच सांगा, रक्त पातळ होण्याचा प्रश्न असतो. आणि घरी आल्यावर पोटरी एकाएकी सुजून दुखायला लागली तर त्याच वेळी फोन. छातीत दुखलं किंवा धाप लागली तर थेट ९११, इथला आणीबाणीचा नंबर. ‘सकाळी बघू’ हे या दोन ठिकाणी चालत नाही.

धनश्री


प्रेषक: राहुल
मेधाकाकू, आईच्या वेळचा बेंच, एक थ्री-इन-वन कमोड आणि एक वॉकर आमच्या गराजमध्ये कोळिष्टकांनी व्यापलेत. शनिवारी धुऊन आणून देतो. वॉकरच्या मागच्या पायांचे टेनिस बॉल झिजलेत, तेवढे बदला. मोबदला म्हणून तुमच्या हातचं आंब्याचं लोणचं.


प्रेषक: मेधा
मंडळी,

आज ऑपरेशनला तीन आठवडे झाले. पलंगावर बसून लिहिते आहे, टाचेखाली उशी.

धनश्री, तू सांगितलेलं सगळं केलं. हाफ बाथचं दार २३ इंच निघालं, मुलाने मुकाट्याने पलंगाचा बेत सोडला. पण सगळ्यात उपयोगी पडली ती आम्ही केलेली रंगीत तालीम. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात एका रात्री दोन वाजता उठले, दिवे बंद, अंगात गाऊन, हातात राहुलचा वॉकर, आणि उजवा पाय जपत बाथरूमपर्यंत गेले. दहा पावलांत चार गोष्टी सापडल्या. पलंगापाशी भाचीने जयपूरहून आणलेली सतरंजी, तिच्या कोपऱ्यात चाक अडकलं. फोनच्या चार्जरची वायर. गाऊनची कड, जी मी तोवर ठीकच समजत होते. आणि मुख्य म्हणजे मी झोपते ती बाजू. ती भिंतीकडची. उठायला जागा फूटभर, तिथे वॉकर मावतच नाही. म्हणजे ३० वर्षांनी आम्ही बाजू बदलल्या. मला झोप लागली, ह्यांना आठवडाभर लागली नाही.

कोणी सांगितलं नव्हतं ते सांगते. दोन्ही हात वॉकरवर असले की चहाचा कप दोन फूटसुद्धा नेता येत नाही. ह्यांचा चहा थर्मासमध्ये, थर्मास कापडी पिशवीत, पिशवी वॉकरला पुढून टांगलेली. आमटीही तशीच प्रवास करते. कुकर, कढई, पोळपाट आधीच खालच्या कपाटातून ओट्यावर आणून ठेवले होते, पण फ्रिजचा भाजीचा खण राहिला, तो अगदी तळाशी. कोथिंबीर हवी असेल तर ह्यांना हाक. फ्रीझरमध्ये मैत्रिणींनी लाटून-भाजून दिलेल्या ६० पोळ्या आणि मटारच्या चार पिशव्या. मटार खायचे नाहीत, गुडघ्यावर ठेवायचे, मध्ये पातळ टॉवेल, २० मिनिटं. पिशव्यांवर मार्करने ‘गुडघा’ लिहा. आम्ही लिहिलं नव्हतं, आणि ह्यांनी तीनदा वितळून तीनदा गोठलेल्या मटारची उसळ केली.

वेदनेच्या गोळ्यांनी पोट साफच होत नाही. त्याचं औषध पहिल्या दिवसापासून विचारून घ्या, चौथ्या दिवशी नको.

देवघर जमिनीलगत होतं, ते टेबलावर आलं. पाटावर पुन्हा बसता येईल का, असं सर्जनना विचारलं तर त्यांनी आधी पाट म्हणजे काय ते समजून घेतलं आणि मग नुसतेच हसले. उभ्याने पूजा चालू आहे.

बाहेरच्या बर्फाचं म्हणाल तर पुढचा दरवाजा बंदच ठेवलाय, ये-जा गराजमधून, तिथे एकच पायरी. उजवा पाय म्हणजे ब्रेकचा पाय, तेव्हा सर्जन हो म्हणेपर्यंत आणि गोळ्या सुटेपर्यंत गाडी नाही. मंगळवार-गुरुवार थेरपीला कोणी नेऊ शकेल का? सकाळी साडेदहा, दहा मिनिटांचा रस्ता. ह्यांच्या गाडीत बसण्यापेक्षा मी चालत जाईन.

राहुल, लोणच्याची बरणी दाराशी ठेवली आहे. बेंच, कमोड आणि वॉकर मार्चपर्यंत मोकळे होतील, वॉकरला नवे टेनिस बॉल घातलेत. शोभाचा खुबा मार्चमध्ये आहे असं कळलं, तेव्हा ते परस्पर तिच्याकडेच जाऊ देत. शोभा, तुमच्या पलंगाच्या कुठल्या बाजूला झोपतेस तू?

मेधा