मदत हवी आहे: ३ फुटी रीफ टँकमधल्या केसाळ शेवाळासाठी कोणता अर्चिन (काटेरी समुद्री प्राणी) घ्यावा?

प्रश्न

नमस्कार मंडळी. पुण्यात ३ × १.५ × १.५ फुटांचा रीफ टँक (कोरल ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी) आहे, संप (खालची फिल्टरची टाकी) धरून साधारण २०० लिटर पाणी. सॅलिनिटी ३५ पीपीटी, तापमान २६ अंश, अल्कलिनिटी ८.५ डीकेएच, कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३००, नायट्रेट २ आणि फॉस्फेट ०.०३ पीपीएम. पाणी आरओ-डीआयचं (गाळून क्षार काढलेलं), टीडीएस ०. क्लाउनफिशची जोडी, एक क्लीनर श्रिम्प, बाकी झोअँथिड, मशरूम आणि लेदर हे मऊ कोरल. बरेच फ्रॅग (कोरलचे तोडून लावलेले तुकडे) खडकावर नुसते टेकवलेले आहेत.

खडकांवर हिरवं केसाळ शेवाळ माजलंय, काही ठिकाणी बोटाच्या पेराएवढं लांब. टर्बो गोगलगायी लांब शेवाळाला तोंड लावत नाहीत. दुकानात टक्सिडो, पिनकुशन, पेन्सिल आणि लांब काट्यांचा काळा डायाडेमा असे चार अर्चिन आहेत. कोणता घेऊ आणि किती? कोरलाइन (खडकावरचं जांभळट, टणक शेवाळ) खरवडून टाकेल का? आणि आकडे इतके चांगले असताना शेवाळ येतंच कुठून?

प्रतिसाद १

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण अर्चिनचा उपयोग होणार की नाही ते त्यावरच ठरतं. टेस्ट किट फक्त पाण्यात उरलेलं मोजतं. माशांच्या खाण्यातून आणि खडकातून सुटणारं फॉस्फेट शेवाळ आधीच उचलतं, म्हणून तुमचा आकडा ०.०३ दिसतो. अर्चिन शेवाळ खातो आणि त्याच्या बारीक गोळ्या करून टाकतो. त्या गोळ्या खडकामागे साचून कुजल्या, तर फॉस्फेट पुन्हा पाण्यात येतं आणि महिन्याभरात शेवाळ परत उगवतं. त्यामुळे दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलताना सायफनची नळी खडकांच्या मागे फिरवा. फॉस्फेट ०.१ च्या वर जाऊ लागलं तर संपमध्ये जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त दाणे) लावा, पण पाकिटावरच्या मात्रेच्या निम्म्यानेच सुरू करा. फॉस्फेट एकदम खाली आलं की कोरल आक्रसतात.

अर्चिन आणण्याआधी लांब झुपके हातानेच उपटा. पाणी बदलताना एका हाताने उपटायचं, दुसऱ्या हातात सायफन, म्हणजे तुकडे टँकभर पसरत नाहीत. अर्चिन हा चरणारा प्राणी आहे. आखूड शेवाळ तो खडकापर्यंत साफ करतो. लांब, दाट गादीवर मात्र त्याची पकड बसत नाही.

तुमच्या टँकला एकच टक्सिडो घ्या. कवच फार तर ७-८ सेंटिमीटर, काटे आखूड, त्यामुळे खडकांच्या फटींतही शिरतो. २०० लिटरमध्ये दोन ठेवलेत तर शेवाळ संपल्यावर दोघेही उपाशी राहतील.

प्रतिसाद २

टक्सिडोला माझंही मत. बाकीचे तीन का नाही, तेवढं लिहितो.

पेन्सिल अर्चिन अजिबात नको. तो निव्वळ शाकाहारी नाही. स्पंज आणि इतर चिकटून राहणारे जीवही खातो, आणि त्याचे जाड काटे खडकांची रचना हलवतात. पिनकुशन शेवाळ छान खातो, पण टक्सिडोपेक्षा मोठा होतो आणि तुमच्या सुट्या फ्रॅगच्या टँकमध्ये रोज काहीतरी पाठीवर घेऊन फिरेल. डायाडेमा या चौघांत सर्वांत ताकदीचा. १९८३-८४ मध्ये कॅरिबियन समुद्रात रोगाने डायाडेमा जवळजवळ नाहीसे झाले आणि तिथले रीफ शेवाळाखाली गेले, इतकं त्याचं काम मोठं. पण काटे २० सेंटिमीटरच्या वर जातात, ठिसूळ आणि विषारी असतात, कातडीत तुटून राहतात. दीड फूट रुंदीच्या टँकमध्ये हात घालणंच अवघड होईल.

कोरलाइन टक्सिडोही खरवडतो. खडकावर पांढरे पट्टे दिसतील. कॅल्शियम आणि अल्कलिनिटी आत्तासारखी स्थिर असेल तर ती भरून येते. काचेला धोका नाही. टँक अ‍ॅक्रिलिकचा असेल तर मात्र ओरखडे पडतात.

टक्सिडोही शिंपले, खडे, फ्रॅग अंगावर पांघरतो. म्हणून आधी प्लगचा (फ्रॅग चिकटवलेल्या छोट्या बैठकीचा) दांडा खडकाच्या भोकात बसवून इपॉक्सी पुटीने पक्का करा, आणि वाळूवर चार-पाच रिकामे शिंपले टाका. पांघरायला काहीतरी हवंच असतं त्याला.

प्रतिसाद ३

दुकानात बघताना: काटे ताठ आणि हलते हवेत, कुठे टक्कल नको, आणि काचेला ट्यूब फीटने (नळीसारख्या चिकट पायांनी) घट्ट धरलेला हवा. तळाशी काटे पाडून पडलेला अर्चिन स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. त्या टँकमध्ये तांब्याचं औषध वापरलंय का हे विचाराच. तांबं सगळ्याच अपृष्ठवंशी प्राण्यांना मारक.

अर्चिनला शरीरातला क्षार सांभाळता येत नाही, म्हणून सॅलिनिटीचा फरक त्याला माशांपेक्षा जास्त बाधतो. दुकानातलं पाणी रिफ्रॅक्टोमीटरने मोजा. ड्रिप (अर्चिनच्या बादलीत टँकचं पाणी थेंबाथेंबाने सोडणं) सेकंदाला २-३ थेंब ठेवा आणि पाणी तिप्पट होईपर्यंत, साधारण दीड-दोन तास, चालू द्या. थंडीत बादलीतलं पाणी गार होतं, तिकडे लक्ष ठेवा. पाण्यातच भांड्यात घेऊन खडकावर तोंड खाली करून सोडा. एकदा चिकटला की ओढून काढू नका, पाय तुटतात. वेव्हमेकरला (प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपाला) जाळी लावा.

प्रश्नकर्ता

खूप आभार. दोन शंका: एका कोपऱ्यातलं शेवाळ पिसासारखं दिसतंय, तेही खाईल? आणि सगळं संपल्यावर त्याला काय घालायचं?

प्रतिसाद १

पिसासारखं म्हणजे बहुधा ब्रायोप्सिस. त्याच्यासाठी अर्चिनवर विसंबू नका. तो खडक बाहेर काढता येत असेल तर काढून घासा. तपकिरी, बुडबुडे धरणारा चिकट थर दिसला तर अर्चिन आणूच नका. ते डायनोफ्लॅजेलेट (सूक्ष्म एकपेशीय जीव) असू शकतात आणि त्यांच्या काही जाती गोगलगायी आणि अर्चिन दोघांनाही मारतात.

खाण्यासाठी बिनमिठाची, बिनमसाल्याची नोरी (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा पातळ कागद). ५ सेंटिमीटरचा चौकोन आठवड्यातून दोन-तीनदा, थेट काट्यांवर ठेवा. तोच ओढून तोंडाकडे नेतो. उरलेली दुसऱ्या दिवशी काढा. शेवाळ नसताना तो एकाच जागी कोरलाइन खरवडत बसला किंवा काटे गळायला लागले, तर उपासमारीची शंका घ्या आणि त्याच दिवशी सॅलिनिटी आणि अल्कलिनिटी तपासा. पाय चिकटत नसतील आणि काटे स्पर्शाला हलत नसतील तर तो मेला आहे. लगेच बाहेर काढा, २०० लिटरमध्ये अमोनिया वाढायला एक रात्र पुरते.