वजनाचा काटा फसवतो

वजन वाढतंय म्हणजे पोषण ठीक, असं मानलं जातं. कॅन्सरच्या मुलांत तसं धरून चालू नये. विल्म्स ट्यूमरसारखी (मुलांतला मूत्रपिंडाचा कॅन्सर) पोटातली मोठी गाठ स्वतःच काट्यावर भर घालते; पोट पुढे आणि दंड काडीसारखे, असं मूल वजनात ‘नॉर्मल’ ठरतं. रक्ताच्या कॅन्सरमध्ये स्टेरॉइडने गाल फुगतात, आत स्नायू झडत असतात.

म्हणून दंडाचा घेर मोजा. डावा हात सैल सोडलेला, खांद्याचं हाड आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्ये टेप, कातडीत रुतू न देता. ६ महिने ते ५ वर्षं वयात ११.५ सेंमीच्या खाली तीव्र कुपोषण, १२.५ पर्यंत मध्यम. मोठ्या मुलांना हे आकडे लावू नका.

तोंड आलं असेल तर टोमॅटो, लिंबू, तिखट बंद. कोमट, पातळ खिचडी. चमचाभर तुपाने साधारण ४५ कॅलरी वाढतात, घास मात्र तेवढाच राहतो.

आणि फार खंगलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी भरभरून देऊ नका, नळीने तर नाहीच. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने उतरून हृदयाचे ठोके बिघडतात. रक्त तपासत, आहारतज्ज्ञांच्या हिशोबाने हळूहळू वाढवायचं. (आजीचा आग्रह इथे आवरावाच लागतो.)