शब्दचर्चा: ‘प्रतिजैविक पेप्टाइड’ चालेल का?

गवळाऊ: काटोल-हिंगण्याकडच्या गोपालकांसाठी थायलेरियावर (गोचिडांमुळे गुरांना होणाऱ्या तापाच्या परजीवीवर) पत्रक लिहायचं आहे. जनावराच्या शरीरातच तयार होणाऱ्या, रोगजंतू मारणाऱ्या पेप्टाइडांना (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांना) ‘प्रतिजैविक पेप्टाइड’ म्हणू का? आणि परजीवीऐवजी ‘जंत’? लोकांना तोच शब्द कळतो.

काचपट्टी: दोन्ही नको, भाऊ. ‘प्रतिजैविक’ म्हटलं की पेनिसिलिनची बाटली आठवते. ‘प्रतिपिंड’ही नव्हे, ती ठरावीक रोगजंतू ओळखून मग घडतात, तर यांतली बरीच पांढऱ्या पेशींमधल्या सूक्ष्म कणांत आधीच भरून असतात. ‘संरक्षक पेप्टाइड’ लिहा. ‘जंत’ जास्त घातक. जंत म्हणजे पोटातले किडे. थायलेरिया हा एकपेशीय आदिजीव. ‘जंत’ वाचलं की माणूस अल्बेंडाझोल पाजून मोकळा होतो, ताप तसाच. त्याला ब्युपार्व्हाक्वोन लागतं, किलोमागे २.५ मिलिग्रॅम, मानेच्या स्नायूत. ३०० किलोच्या गाईला ५० मिलिग्रॅम प्रति मिलीचं औषध १५ मिली होतं. एका जागी १० मिलीवर द्यायचं नाही, म्हणून दोन जागी. टोचायचं मात्र डॉक्टरांनीच.

गवळाऊ: ‘इंडोलिसिडिन’, ‘बीमॅप-२८’ या गाईच्या संरक्षक पेप्टाइडांना मराठी नावं?

काचपट्टी: कशाला? फोड सांगा, पुरे. इंडोलिसिडिनमध्ये १३ अमिनो आम्लं, त्यांतली ५ ट्रिप्टोफॅन. ट्रिप्टोफॅनच्या इंडोल कड्यावरून नाव. १९९२ साली गाईच्या न्यूट्रोफिलांतून (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींतून) वेगळं केलेलं. बीमॅपपुढचा २८ म्हणजेही अमिनो आम्लांची संख्या.

पोशिंदा: परजीवी ज्याच्या शरीरात राहतो त्या ‘होस्ट’साठी ‘यजमान’ नको हं, पूजेला बसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. ‘पोशिंदा’ बरा. (आयडीचा पक्षपात समजा.) आणि पत्रकात ‘पेप्टाइड पेशीला लढायला मदत करतं’ असं लिहिणार असाल तर तेही जपून. पेप्टाइडावर धनभार असतो. ते रोगजंतूच्या ऋणभारित पटलाला (बाहेरच्या पातळ आवरणाला) चिकटतं आणि त्याला भोकं पाडतं. कोंबडीच्या एनके-लायसिन या संरक्षक प्रथिनाचा तुकडा आयमेरिया या कोंबड्यांच्या परजीवीच्या स्पोरोझोइटचं (पेशीत शिरणाऱ्या अवस्थेचं) पटल असंच फोडतो. पण थायलेरिया पांढऱ्या पेशीच्या आत, थेट पेशीद्रवात बसतो. तिथवर पोचायला आधी पोशिंद्याच्याच पेशीचं पटल ओलांडावं लागतं. शिवाय ती पेशी लढत नसते, परजीवीच्या ताब्यात जाऊन विभागत सुटते. खांद्यापुढची गाठ सुजते ती त्यामुळेच.

गवळाऊ: मग ही पेप्टाइडं टोचतच का नाहीत?

पोशिंदा: मात्रा वाढली की तांबड्या पेशीही फुटतात, रक्तद्रवात जोर ओसरतो, आणि पोटातून दिली तर पाचकरस त्यांचे तुकडे करतात.

काचपट्टी: शीर्षकात नुसतं ‘गोचीडताप’ ठेवू नका. बबेशिया हा दुसरा आदिजीवही त्यातच येतो. त्यात लघवी तांबडी होते आणि औषध डायमिनाझीन. अ‍ॅनाप्लाझ्मा तर जिवाणूच, त्याला ऑक्सिटेट्रासायक्लिन लागतं. तिथे तुमचा ‘प्रतिजैविक’ शब्द बिनधास्त वापरा.