एलियन मालिका: क्रम कोणता, आवृत्ती कोणती?

प्रश्न: 'एलियन' चित्रपटांची मालिका बघायला सुरू करतोय. कथेतल्या सालांप्रमाणे बघू की प्रदर्शनाच्या क्रमाने? शिवाय काहींच्या दोन-दोन आवृत्त्या दिसतात.

प्रतिसाद १: प्रदर्शनाच्याच क्रमाने बघा. 'प्रोमिथियस' (२०१२) कथेत २०९३ साली घडतो, पण तो आधी पाहिलात तर १९७९च्या चित्रपटातल्या त्या परग्रही यानाचं, खुर्चीत रुतलेल्या महाकाय सांगाड्याचं गूढच जातं. 'रोम्युलस' (२०२४) पहिल्या दोन चित्रपटांच्या मधल्या काळातला, तरी शेवटी ठेवा. त्यातला काळा द्रव 'प्रोमिथियस'शिवाय कळत नाही.

प्रतिसाद २: +१. आता आवृत्त्या. पहिला 'एलियन' मूळचाच घ्या; २००३ची 'डायरेक्टर्स कट' (दिग्दर्शकाची आवृत्ती) उलट मिनिटभर छोटी आहे आणि वाढवलेला कोषाचा प्रसंग ऐन धावपळीत वेग मारतो. 'एलियन्स' (१९८६) आधी १३७ मिनिटांचा. १५४ मिनिटांच्या आवृत्तीत स्वयंचलित तोफांचा झकास प्रसंग आहे, नायिका रिप्लीच्या मुलीचा संदर्भही. पण त्या आवृत्तीत सैनिक पोचण्याआधीच वसाहत दाखवतात, म्हणजे उत्कंठेची माती. ती दुसऱ्या वेळी.

'एलियन ३' (१९९२) मात्र 'असेंब्ली कट' ही लांब आवृत्तीच. जवळपास अर्धा तास जास्त, कैद्यांची पात्रं त्यातच उभी राहतात. प्राणी कुत्र्याऐवजी बैलातून निघतो. दिग्दर्शक फिंचरचा या आवृत्तीशी संबंध नाही, तरी मूळपेक्षा सरस.

प्रतिसाद ३: अवांतर: टीव्हीवरचं 'मोशन स्मूदिंग' (हालचाल कृत्रिमपणे सलग करणारी सोय) बंद करा, नाहीतर सगळं रोजच्या टीव्ही मालिकांसारखं गुळगुळीत दिसतं. खोलीत अंधार हवाच. पहिल्या भागात प्राणी बराच वेळ सावलीतच असतो. 'प्रेडेटर' या दुसऱ्या चित्रपट मालिकेतल्या परग्रही शिकाऱ्याबरोबरचे दोन्ही चित्रपट वगळलेत तरी काही बिघडत नाही.