शॉटची संख्या की शॉटचा दर्जा? आईस हॉकीच्या विश्लेषणात अडकलो आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एनएचएलचे (उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आईस हॉकी लीगचे) सामने बरीच वर्षं पाहतो आहे. गेल्या काही महिन्यांपासून प्रत्येक सामन्यातले शॉट एक्सेलमध्ये उतरवून घेतो आणि त्यावरून कोणता संघ खरोखर वरचढ होता ते काढायचा प्रयत्न करतो. संख्येपर्यंत सगळं सुरळीत होतं, दर्जा मोजायला घेतला आणि घोळ सुरू झाला. आकडेवारीतले जाणकार इथे आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

संख्येसाठी कॉर्सी आणि फेनविक हे दोन आकडे वापरतात. कॉर्सी म्हणजे गोलच्या दिशेने मारलेला प्रत्येक शॉट, मग तो गोलरक्षकाने अडवलेला असो, बाहेर गेलेला असो, वाटेत कुणाच्या अंगावर आदळलेला असो की गोल झालेला असो. फेनविकमध्ये अंगावर आदळलेले वगळतात. सामन्यात गोल पडतात जेमतेम पाच-सहा, पण दोन्ही संघांचे मिळून प्रयत्न शंभराच्या पुढे जातात. त्यामुळे संघाचा कल थोड्या सामन्यांतच दिसू लागतो. 2011-12 मध्ये लॉस एंजेलिस किंग्ज गोल करण्यात 30 संघांत 29वे होते, शॉटच्या प्रयत्नांत मात्र भारी होते. पश्चिम विभागातून आठव्या क्रमांकाने प्लेऑफमध्ये शिरले आणि स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, घेऊन गेले. उलट 2013-14 चा कोलोरॅडो अ‍ॅव्हलांश. शॉटमध्ये प्रतिस्पर्ध्यांच्या मागे, तरी 112 गुण. पुढच्या मोसमात 90 गुणांवर आले आणि प्लेऑफही हुकला. ही दोन उदाहरणं पाहून मी संख्येच्याच बाजूचा झालो होतो.

मग एका सामन्यातला प्रसंग परत परत पाहिला. खेळाडू गोलसमोर बर्फावर आखलेल्या डाव्या वर्तुळातून शॉट मारतो. गोलरक्षक आधीच पुढे सरकून उभा, कोन बंद, पक (हॉकीची रबरी चकती) छातीवर घेऊन शांतपणे दाबून धरतो. थोड्या वेळाने अगदी त्याच जागेवरून दुसरा शॉट, पण या वेळी पक उजवीकडून गोलसमोरची मधली रेषा ओलांडून आला होता. गोलरक्षक गुडघ्यांवर घसरत येतोय, पॅड अजून खांबाला टेकलेला नाही, आणि पक त्या फटीतून आत. माझ्या तक्त्यात दोन्ही शॉटची नोंद सारखीच: मनगटी शॉट, तेवढंच अंतर, तोच कोन. अपेक्षित गोलही (प्रत्येक शॉटच्या गोल होण्याच्या शक्यतेची बेरीज) सारखेच आले! आधीचा पास सार्वजनिक नोंदीत नसतोच. मग मी ज्याला दर्जा म्हणतोय तो खरं तर फक्त जागा आहे का, ही शंका काही केल्या मनातून जात नाही.

पहिला प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. पास कळत नसताना त्याची थोडीफार भरपाई कशी करता? आधीच्या घटनेपासून गेलेले सेकंद आणि दोन घटनांमधलं अंतर, यावरून पक किती वेगाने सरकला ते काढून पाहिलं. रिबाउंड (गोलरक्षकाने अडवून परत आलेल्या पकवर लगेच मारलेला शॉट) आणि प्रतिहल्ले त्यात बऱ्यापैकी सापडतात, पण ठाण मांडून चाललेल्या हल्ल्यातला आडवा पास निसटतो.

दुसरा प्रश्न रिबाउंडचा. समजा पहिल्या शॉटची गोल होण्याची शक्यता 0.3 आणि लगेच आलेल्या रिबाउंडची 0.4. नुसती बेरीज केली तर 0.7 येते. पण पहिलाच आत गेला असता तर दुसरा झालाच नसता, म्हणून मी 1 मधून 0.7 गुणिले 0.6 वजा करून 0.58 धरतो. एका हल्ल्यापुरतं हे पटतं. पण मग गोलसमोर गर्दी करून रिबाउंड उकरून काढणाऱ्या संघाचं श्रेय मी कापतोय का? यात तुम्ही काय करता?

ब्लॉक झालेल्या शॉटचं तर वेगळंच दुखणं आहे. नोंदीत जागा मिळते ती ब्लॉक झाला तिथली, मारला तिथली नव्हे. लांबच्या निळ्या रेषेवरून मारलेला शॉट स्लॉटमध्ये (गोलसमोरच्या मोक्याच्या जागेत) अडला की तो स्लॉटमधला वाटतो. सध्या दर्जाच्या हिशेबातून ते सगळे काढून टाकले आहेत, संख्येत ठेवले आहेत. हे चालेल का?

(पिछाडीवरचा संघ मिळेल तिथून मारत सुटतो हे माहीत आहे. त्यासाठी बरोबरीच्या स्थितीतली, पाच विरुद्ध पाच खेळाडूंची मिनिटं वेगळी काढतो.)

आता सगळ्यात जास्त अडलेली गोष्ट. एका संघाने 0.04 शक्यतेचे 40 शॉट मारले, दुसऱ्याने 0.2 चे 8. दोघांचे अपेक्षित गोल 1.6च. पण एकही गोल न होण्याची शक्यता पहिल्याची साधारण 19.5 टक्के, दुसऱ्याची 16.8 टक्के. फरक मला वाटला होता त्यापेक्षा बराच कमी निघाला, म्हणजे या बाजूने पाहिलं तर दोन्ही संघ जवळपास सारखेच. मग संघाचा पुढचा मोसम ओळखायचा असेल तर संख्या आणि दर शॉटचा सरासरी दर्जा हे दोन वेगळे स्तंभ ठेवू, की एकत्र गुणलेला एकच आकडा पुरे? वेगळे ठेवले तर दर्जाचा स्तंभ सरासरीकडे किती ओढून घ्यायचा? किती सामन्यांनंतर तुम्ही त्यावर भरवसा टाकता?

ज्यांनी स्वतः असं मॉडेल बांधलं आहे त्यांनी आपला अनुभव लिहावा, सूत्र थोडक्यात दिलंत तरी चालेल. कुणाला तपासून पाहायचा असेल तर माझा तक्ता द्यायला मी तयार आहे.